भाटघरची भिंत आणि सममितीची अट

धरण किती भरले हे पावसाळ्यात रोज छापून येते. भोर तालुक्यातले भाटघर सुमारे २३.५ टीएमसीचे आणि नीरा-देवघर ११.७ टीएमसीचे. वेल्हे तालुक्यात, ज्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे, गुंजवणी ३.७ टीएमसीचे आणि पानशेत १०.६५ टीएमसीचे. नीरेच्या कालव्यांवर ऊस घेणाऱ्याला आणि पुण्यात नळाखाली बादली लावणाऱ्याला हे आकडे जवळचे असतात. हे पाणी अडवणारी भिंत त्या भाराखाली किती हलते, हा आकडा मात्र सहसा कोणी विचारत नाही. भाटघरची भिंत दगडी बांधकामाची आहे. ती १९२७ मध्ये पूर्ण झाली, सुमारे ५८ मीटर उंच आहे आणि दीड किलोमीटरहून लांब आहे. एवढे दगडकाम हलेल कसे, असे वाटणे साहजिक आहे. पण तिच्यामागच्या येसाजी कंक जलाशयाचे पाणी चढले की अशी भिंतही खालच्या अंगाला किंचित झुकते आणि उन्हाळ्यात तलाव उतरला की मागे येते. ही हालचाल मिलिमीटरांची असते, पण भिंतीची प्रकृती तिच्यावरूनच कळते. आतला दगड-चुना कुठे मऊ पडला, कुठे सांधा उघडला, हे आत शिरून पाहता येत नाही. बाहेरून भार किती आला आणि भिंत किती सरली एवढेच हातात असते आणि त्यावरून आतली गोष्ट ओळखायची असते. त्या ओळखण्याचे गणित म्हणजे मॅट्रिक्स समीकरण. त्यात एक अट अशी आहे की जिच्यामुळे समीकरण सुटणे अवघड होते. ते अवघड होणेच आपल्या फायद्याचे आहे, असे माझे म्हणणे आहे.

भिंतीवर तीन जागा निवडू: माथा, मध्य आणि पायथ्याजवळची एक. माथ्यावर ठरावीक जोर लावला तर तिन्ही जागा किती सरतात याचे तीन आकडे मिळतील. तोच जोर मध्यावर लावला तर आणखी तीन, पायथ्याजवळ लावला तर आणखी तीन. हे नऊ आकडे तीन ओळी आणि तीन रकाने यांत मांडले की जो तक्ता होतो, तो या भिंतीच्या लवचीकपणाचा मॅट्रिक्स. भिंतीवर कोणताही भार आला तरी ती कुठे किती सरेल हे या तक्त्यावरून काढता येते, म्हणून सगळी धडपड हा तक्ता मिळवण्यासाठी असते. आता त्यातला एक गुण पाहा. माथ्यावर जोर लावल्यावर मध्य जेवढा सरतो, नेमका तेवढाच मध्यावर तोच जोर लावल्यावर माथा सरतो. हे सहज पटणारे नाही, कारण माथा मोकळा असतो आणि मध्य जखडलेला. तरीही ते खरे आहे. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६४ मध्ये आणि एनरिको बेट्टी यांनी १८७२ मध्ये अधिक व्यापक रूपात हे मांडले. कारण ऊर्जेत आहे. आधी माथा ढकलला आणि मग मध्य, किंवा आधी मध्य आणि मग माथा, शेवटी भिंतीची स्थिती तीच असते, म्हणून तिच्यात साठलेली ऊर्जाही तेवढीच असते. पहिल्या क्रमात, मध्य ढकलला जात असताना माथ्यावरचा आधीचा जोर जादा काम करतो. दुसऱ्या क्रमात, माथा ढकलला जात असताना मध्यावरचा जोर जादा काम करतो. एकूण सारखे असेल तर ही दोन जादा कामे सारखी असलीच पाहिजेत. म्हणून तक्त्यातला पहिल्या ओळीचा दुसरा आकडा आणि दुसऱ्या ओळीचा पहिला आकडा एकच असतो, आणि कर्णाच्या दोन्ही अंगांना हेच चालते. अशा तक्त्याला सममित म्हणतात. नऊ आकड्यांचे काम सहांवर येते.

खरी अडचण यापुढे आहे. प्रत्यक्षात धरणावर हवे तिथे जोर लावता येत नाही. पाणी जसे चढेल-उतरेल तसा भार येतो, एकेका पातळीला एकेका आकाराचा. म्हणून हाती येते ते असे: हे हे भार आले तेव्हा या या हालचाली झाल्या. अज्ञात तक्ता गुणिले भारांचा मॅट्रिक्स बरोबर हालचालींचा मॅट्रिक्स, हे आपले समीकरण. याला उत्तर आहे का? सममितीची अट नसेल तर तपासणी सोपी आहे. दोन भारांची बेरीज करून तिसरा भार बनत असेल, तर त्यांच्या हालचालींचीही तशीच बेरीज झाली पाहिजे. एवढे जुळले की उत्तर आहेच, आणि प्रयोग कमी असतील तर उत्तरे अगणित. सममितीची अट घातली की आणखी एक कसोटी लागते, आणि तीच या विषयाचा गाभा आहे. कोणतेही दोन प्रयोग घ्या. पहिल्यातले जोर दुसऱ्यातल्या हालचालींशी जागच्या जागी गुणून बेरीज करा. मग दुसऱ्यातले जोर पहिल्यातल्या हालचालींशी तसेच गुणून बेरीज करा. दोन्ही बेरजा सारख्या आल्या पाहिजेत. प्रयोगांच्या प्रत्येक जोडीसाठी हे जमले, आणि आधीची साधी कसोटीही लागू पडली, तर सममित उत्तर नक्की आहे. एका जरी जोडीत फरक पडला तर सममित उत्तर नाही, कितीही खटपट केली तरी नाही. गणिताने स्वतंत्रपणे काढलेली ही अट म्हणजे दुसरेतिसरे काही नसून बेट्टींचा नियमच आहे: एका भाराने दुसऱ्याच्या हालचालीवर केलेले काम उलट बाजूनेही तेवढेच. कागदावरची बीजगणिताची अट आणि दगडातली ऊर्जा इथे एकच वाक्य बोलतात. एखाद्या समीकरणाला उत्तर असण्याची अट एवढ्या थेटपणे निसर्गाचा नियम होऊन समोर येणे विरळा.

समजण्यासाठी सोपे आकडे घेऊ. ते कुठल्या धरणाचे नाहीत. माथ्यावर एक एकक जोर लावला आणि माथा, मध्य, पायथा अनुक्रमे ९, ४, १ एकके सरले. मग मध्यावर एक एकक जोर लावला आणि ते ४, ३, १ सरले. कसोटी पाहिली तर दोन्ही बाजूंनी ४ येतात, म्हणजे सममित उत्तर आहे. पण किती? सममित तक्त्यात सहा अज्ञात आकडे आहेत आणि दोन प्रयोगांतून सहा समीकरणे मिळाली. शाळेत शिकलेल्या हिशेबाने सगळे सुटायला हवे. तसे होत नाही. सहापैकी एक समीकरण नव्याने काही सांगत नाही, ते आधीच्यांची फक्त साक्ष काढते. म्हणून पाचच आकडे ठरतात आणि पायथ्यावर जोर लावल्यास पायथा किती सरेल हा सहावा आकडा मोकळा राहतो. सममितीमुळे माहिती वाढते असे जे वरवर वाटते, ते अर्धेच खरे आहे. तिचा एक भाग उत्तर शोधण्यात खर्च होतो आणि एक भाग मोजमाप तपासण्यात. हा दुसरा भाग वाया गेला असे समजणे ही मोठी चूक ठरेल, कारण सहाव्या आकड्याच्या बदल्यात आपल्याला मोजणाऱ्याच्या हाताची आणि यंत्राची पारख मिळाली आहे.

तो मोकळा आकडाही पूर्ण मोकळा नाही. भिंतीला ढकलले तर तिच्यात ऊर्जा साठते. ढकलल्यावर भिंतीनेच आपल्याला ऊर्जा द्यावी असे कधी होत नाही. म्हणजे तक्ता सममित असून भागत नाही. कोणताही भार घेतला तरी काम शून्यापेक्षा कमी येऊ नये, हेही पाळावे लागते. वरच्या उदाहरणात ही अट लावली की सहावा आकडा ४/११ पेक्षा, म्हणजे सुमारे ०.३६ पेक्षा, कमी असूच शकत नाही. पायथ्याला हातही न लावता, तिथे एकही प्रयोग न करता, त्याच्या मऊपणाची किमान मर्यादा आपल्याला कळली. ज्या जागी यंत्र पोहोचत नाही त्या जागेबद्दल गणित असे ठाम बोलू शकते, ते केवळ अट आधीपासून घातली म्हणून.

या प्रश्नाची सर्वसाधारण उत्तरे मिळवण्यात भारतीय संख्याशास्त्रज्ञांचा वाटा मोठा आहे. ज्या मॅट्रिक्सचा नेहमीच्या अर्थाने व्यस्त निघत नाही, त्याचाही एक प्रकारचा व्यस्त निघू शकतो, ही कल्पना ई. एच. मूर यांनी १९२० मध्ये आणि रॉजर पेनरोज यांनी १९५५ मध्ये मांडली. सी. आर. राव आणि सुजितकुमार मित्रा यांचे या व्यापक व्यस्तावरचे पुस्तक १९७१ मध्ये आले. अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठातले सी. जी. खत्री आणि भारतीय सांख्यिकी संस्थेतले मित्रा यांनी १९७६ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. उत्तर सममित असावे, किंवा वर सांगितल्याप्रमाणे कधीही ऋण न होणारे असावे, अशी अट असताना मॅट्रिक्स समीकरण केव्हा सुटते आणि सुटत असेल तर सगळी उत्तरे कशी लिहायची, याची सूत्रे त्यात आहेत. याच वाटेने अधिक गुंतागुंतीची समीकरणेही हाताळली गेली. उदाहरणार्थ, अज्ञात तक्त्याच्या डावीकडेही आणि उजवीकडेही ज्ञात मॅट्रिक्स असलेली: भार मोजक्याच जागी येतो आणि हालचालही मोजक्याच जागी दिसते अशी स्थिती. सममित उत्तराच्या दृष्टीने मॅट्रिक्स समीकरणांचा अभ्यास हेंक डॉन यांनी १९८७ मध्ये आणि हुआ दाइ यांनी १९९० मध्ये केला.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा असतो: एवढा घोळ कशाला? अट विसरून कसलेही उत्तर काढा आणि मग कर्णाच्या दोन्ही अंगांच्या आकड्यांची सरासरी घ्या, तक्ता आपोआप सममित होईल. होईल, पण तो समीकरणाचे उत्तर उरणार नाही. वरच्याच उदाहरणात दुसऱ्या प्रयोगात माथा ४ ऐवजी ५ सरला असे यंत्राने दाखवले आहे असे समजा. अट नसेल तर उत्तरे अगणित आहेत आणि कोणालाही काही खटकणार नाही. सरासरी घेतली की दोन्ही जागी ४.५ येते. मग पहिला प्रयोग म्हणतो ४, दुसरा म्हणतो ५ आणि तक्ता दोघांनाही खोटे ठरवतो. त्याहून वाईट म्हणजे या ४.५ मध्ये भांडण दिसेनासे होते. कदाचित एक यंत्र बिघडले असेल, कदाचित दोन मोजमापांच्या मधल्या काळात भिंतीत काही बदलले असेल. यातले काहीही असले तरी ते कळणे गरजेचे होते. सरासरीने तेच पुसून टाकले.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. कोणतेच मोजमाप तंतोतंत नसते. म्हणजे दोन बेरजा शेवटच्या दशांशापर्यंत कधीच जुळणार नाहीत, आणि कसोटी एवढी कडक असेल तर कोणतेच समीकरण सुटणार नाही, मग तिचा उपयोग काय? हे म्हणणे बरोबर आहे आणि त्याला गणितानेच उत्तर दिले आहे. नेमके उत्तर नसेल तेव्हा सगळ्या सममित तक्त्यांमधून मोजमापांच्या सर्वांत जवळ जाणारा तक्ता शोधायचा. निकोलस हायम यांनी १९८८ मध्ये हा प्रश्न सविस्तर सोडवून दाखवला. सरासरीत आणि यात फरक असा की इथे चूक आधी मान्य केली जाते आणि ती किती आहे हे उत्तरासोबत मिळते. तो उरलेला फरक यंत्राच्या नेहमीच्या चुकीएवढा असेल तर पुढे जावे. त्याहून बराच जास्त असेल तर थांबावे. जवळचे उत्तर नेहमीच मिळते, म्हणूनच ते मिळाले हा पुरावा नव्हे. आपल्याकडच्या धरणांत हा फरक मोठा येण्याचे एक कारण समोरच दिसते. मे महिन्यात तलाव तळाला जातो आणि त्याच वेळी भिंतीचा उघडा पडलेला दगड तापून प्रसरण पावतो. उन्हाने झालेली हालचाल पाण्याच्या खात्यावर मांडली गेली तर बेरजा जुळणारच नाहीत. तो दोष भिंतीचा नाही आणि सममितीचाही नाही. भारांच्या यादीत तापमान लिहायचे राहिले, एवढाच त्याचा अर्थ. कसोटीने ते उघडे केले.

हीच गोष्ट कंपनांच्या बाबतीत अधिक ठळक होते, आणि तिथे महाराष्ट्राला जगातले एक महत्त्वाचे उदाहरण नकळत मिळाले आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. १०३ मीटर उंचीच्या धरणाच्या गॅलरीतल्या यंत्राने जमिनीचे हादरे नोंदवले. भिंतीच्या वरच्या भागात, जिथे खालच्या अंगाचा उतार एकदम बदलतो त्या उंचीजवळ, आडव्या भेगा पडल्या. १९७३ मध्ये अनिल चोप्रा आणि पी. चक्रवर्ती यांनी संगणकावर भिंतीचा ताठरपणा (लवचीकपणाची उलट बाजू) आणि वस्तुमान यांचे मॅट्रिक्स मांडून हादऱ्यांची गणिते केली. सर्वाधिक ताण त्याच पट्ट्यात येतो असे त्यांना आढळले. तेव्हापासून काँक्रीटच्या धरणांची गणिती पद्धत तपासायची तर जगभरचे अभियंते कोयनेचे आकडे घेतात. पण ते मॅट्रिक्स नकाशावरून आणि काँक्रीटच्या गुणधर्मांवरून बांधलेले होते, म्हणून सममित होते. भेगा पडल्यावर आणि नंतर मागून काँक्रीटचे टेकू देऊन भिंत बळकट केल्यावर नकाशातली भिंत आणि जागेवरची भिंत एक राहिली नाही. जागेवरच्या भिंतीचा तक्ता कंपनांवरूनच काढावा लागतो. भिंत ज्या ज्या वारंवारतेने डोलते त्या प्रत्येकीचा एक आकार असतो. वस्तुमान माहीत आहे, वारंवारता आणि आकार मोजले आहेत, तर ताठरपणाचा मॅट्रिक्स काढा, हे पुन्हा तेच समीकरण झाले. इथे सममित उत्तराची अट असे रूप घेते: वेगवेगळ्या वारंवारतेचे कोणतेही दोन आकार घ्या, जागोजागच्या वस्तुमानाने तोलून त्यांचा गुणाकार करा, बेरीज शून्य आली पाहिजे. मोजलेल्या आकारांची ती सहसा शून्य येत नाही. मेनाहेम बारुख यांनी १९७८ मध्ये सुचवलेली रीत मला या सगळ्या विषयात सर्वांत प्रामाणिक वाटते. त्यांनी आधी मोजलेल्या आकारांनाच कमीत कमी धक्का देऊन अटीत बसवले आणि मगच नकाशावरच्या मॅट्रिक्सच्या सर्वांत जवळचा सममित मॅट्रिक्स काढला. म्हणजे दुरुस्ती कुठे केली आणि किती केली हे उघड राहते.

तिसरा आक्षेप सर्वांत खोल आहे: सममिती सगळीकडे असतेच असे कोणी सांगितले? भोरहून वरंध घाट उतरून महाडला जायला लागणारा वेळ आणि महाडहून चढून भोरला यायला लागणारा वेळ सारखा नसतो. अंतराचा तक्ता सममित, वेळेचा नाही. धरणांतही असे आहे. पानशेतची भिंत मातीची आहे. मातीचे कण एकमेकांवरून घसरू लागले की घर्षणात गेलेली ऊर्जा परत मिळत नाही, आणि कोणता भार आधी आला याने शेवटची स्थिती बदलते. मॅक्सवेल-बेट्टींचा युक्तिवाद ज्या पायावर उभा होता, तोच पाया इथे सुटतो. म्हणून घसरणाऱ्या मातीचे गणित करणारे अभियंते बऱ्याचदा असममित मॅट्रिक्सच वापरतात, आणि तेच योग्य आहे. (१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, त्याचे कारण या गणितात शोधू नये. तो बांधकामाच्या आणि परिस्थितीच्या वेगळ्या चौकशीचा विषय आहे.) काँक्रीटच्या भेगेची दोन पाती एकमेकांवर घासतात तिथेही असेच होते. पण या आक्षेपाने माझे म्हणणे मोडत नाही. तो सममितीला सौंदर्याच्या आवडीतून बाहेर काढतो आणि कारणाशी बांधतो. जिथे ऊर्जा साठते आणि तेवढीच परत मिळते, भार थोडा आणि हालचालही त्या प्रमाणात, तिथे सममिती सक्तीची आहे. शाबूत दगडी भिंतीने नेहमीच्या पाण्याखाली ती पाळलीच पाहिजे. म्हणून आजवर कसोटीत बसणारी भिंत एखाद्या वर्षी, यंत्रे तपासून आणि तापमान वजा करूनही, कसोटीबाहेर गेली, तर अट सोडून असममित उत्तर घेण्यापेक्षा ती कशामुळे सुटली हे विचारावे. कदाचित आत कुठेतरी दोन पृष्ठभाग घासू लागले असतील.

हे घडायचे तर मोजमापांची आखणीच तशी हवी. पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ मध्ये स्थापन झालेले केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, आणि धरणांच्या प्रतिकृतींपासून भूकंपापर्यंतचा अनुभव तिथे जमा आहे, म्हणजे ज्ञान भोर आणि राजगड या दोन तालुक्यांच्या जवळच आहे. यंत्रे बसवताना साधारणपणे प्रत्येक यंत्राने नवीन काही सांगावे अशी अपेक्षा असते आणि तेच पुन्हा सांगणारे यंत्र म्हणजे उधळपट्टी मानली जाते. सममितीचे गणित याच्या उलट सांगते. सहा आकड्यांसाठी सहा नोंदी घेऊन एक आकडा कमी मिळाला तरी चालेल, पण त्या सहांत एकमेकांची साक्ष काढणाऱ्या दोन नोंदी असू द्याव्यात. माथ्याजवळ भार वाढला तेव्हा मध्य किती सरला आणि मध्याजवळ वाढला तेव्हा माथा किती, अशी एक तरी जोडी दरवर्षी आणि त्याच जागी, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर नोंदवली जावी.